बसता न आलेले एकवीस दिवस

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मी आमच्या घराच्या मागच्या अंगणात, संडासाच्या दारासमोर उभा होतो. फजरची नमाज होऊन लोक मशिदीतून घरी परतत होते. हातात कोमट पाण्याचा लोटा होता, तो थंड होत चालला होता. आत जायची हिंमत होत नव्हती. अम्मीने खिडकीतून विचारलं, "कायकू खडा है रे इत्ती देर से?" काय सांगणार? चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवतोय, आणि संडासला जायला घाबरतोय.

गावात सगळ्यांना सांगितलं होतं की माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. खरं तर ते मूळव्याधीचं होतं. पिशोरसारख्या गावात बायपास झाला तर माणूस छाती पुढे करून सांगतो, मुतखडा काढला तर खडा बाटलीत ठेवून पाहुण्यांना दाखवतो. मूळव्याधीचं मात्र कुणी सांगत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. ते हसू मला नको होतं. म्हणून हर्निया.

आमच्या घरात या दुखण्याला बवासीर म्हणतात. शब्द अरबी आहे, 'बासूर'चं अनेकवचन. शेजारी त्याला मूळव्याध म्हणतात, शेतातली माणसं सरळ 'मोड आलेत' म्हणतात. शब्द तीन आहेत, पण तिन्ही दबक्या आवाजातले.

माझं दुखणं सहा वर्षांचं. सुरुवातीला कधीतरी रक्त पडायचं, दुखायचं काहीच नाही. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असा माझा हिशोब. कन्नडला जाताना एसटीच्या खिडकीतून भिंतीवरच्या जाहिराती दिसायच्या : 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, गॅरंटी'. त्यातल्या एकाकडून दोन महिने चूर्ण आणून खाल्लं. पोट साफ व्हायचं, रक्त थांबायचं, मग पुन्हा सुरू. बकरी ईदला आठवडाभर नान-खलिया आणि मटणावर ताव मारला, भाजी ताटात औषधालाही नव्हती. त्या ईदनंतर कोंब बाहेर आला तो आत जाईनासा झाला. वर्गात खुर्चीवर बसलो की एका कुशीवर बसायचो. पोरांना वाटायचं, सर ऐटीत बसतात.

शहरातल्या सर्जनने तपासून सांगितलं, "चौथी पायरी आहे. आता गोळ्या-मलमांनी भागायचं नाही." मी विचारलं, लेझरने नाही का होणार? ते म्हणाले, पहिल्या-दुसऱ्या पायरीला रबर बँड लावतात, सुई देतात, इतरही उपाय असतात. पण इतकं बाहेर आलेलं असेल तर कापून काढणं हेच खात्रीचं. ही पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या मिलिगन आणि मॉर्गन या दोन सर्जननी 1937 साली मांडली, आणि ती अजून चालू आहे. "कारण ती टिकते," डॉक्टर म्हणाले. "पण दुखते. हे आधीच सांगतो."

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करायचं ठरवलं. रजा टाकावी लागणार नव्हती आणि कारणही सांगावं लागणार नव्हतं.

ऑपरेशनचं काहीच कळलं नाही. पाठीत इंजेक्शन दिलं, कंबरेखालचं अंग आपलं राहिलं नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपलं. संध्याकाळी लघवीच होईना. नर्सने सांगितलं, पाठीतल्या इंजेक्शनने आणि दुखण्याच्या धास्तीने असं पुष्कळांचं होतं. नळ सोडला, बायकोला बाहेर पाठवलं, बऱ्याच वेळाने एकदाची झाली. झाली नसती तर नळी घालावी लागली असती. भूल उतरली तेव्हा मात्र कळलं, डॉक्टरने 'दुखते' हा शब्द जपून वापरला होता.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मेहुण्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर कुशीवर पडून आलो. वेरूळ, हतनूर, कन्नड ही नावं मी पाट्यांवरून वाचली नाहीत, खड्ड्यांवरून ओळखली. कन्नड ते पिशोर गतिरोधक मोजत आलो. सतरा झाले तेव्हा मोजणं सोडून दिलं.

आता इथून पुढचं जरा सविस्तर लिहितो, कारण ज्याच्यावर ही वेळ येते त्याला हे कुणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही. माझ्या डॉक्टरने मला सांगितलेलं, आणि मी चुकत-माकत शिकलेलं, एवढंच हे आहे.

पहिली चूक मी दुसऱ्या दिवशीच केली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, सूज आणि दुखण्याची दुसरी गोळी दोन वेळा जेवणानंतर. दुपारी जरा बरं वाटलं. अम्मी म्हणाली, "इत्ते गोलियां मत खा, आदत पड जाती." मलाही वाटलं, दुखत नाही तर कशाला? संध्याकाळची आणि रात्रीची गोळी टाळली. पहाटे तीनला जाग आली ती अशी की दात एकमेकांवर दाबून धरले तरी तोंडातून आवाज येत होता. गोळी घेतली, पण चढलेलं दुखणं उतरायला पहाट झाली.

सकाळी फोनवर डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "सर, आग लागल्यावर विहीर खणायची नसते. पहिले चार-पाच दिवस गोळी घड्याळ बघून घ्यायची, दुखणं बघून नाही. या दोन गोळ्यांची सवय लागत नाही. फक्त ठरल्यापेक्षा जास्त नको, पॅरासिटामॉल चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही." दुसरी गोळी ज्यांना किडनीचा, अल्सरचा, बीपीचा त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, यापेक्षा जोरदार काही नाही का? "आहे. ट्रामाडॉल आहे. 2018 पासून ती अमली पदार्थांच्या कायद्यात गेली आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अगदीच सहन झालं नाही तर देतो. पण ती पोट बांधते. तुमच्या बाबतीत पोट बांधलं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको."

दुसरी चूक पोटाचीच. संडासला जायची इतकी धास्ती होती की मी खाणंच सोडलं. खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही. दोन दिवस चहा-बिस्किटावर काढले. पाणीही कमी प्यायलो. शरीर असल्या चलाख्या ओळखून असतं. पोटात जे होतं ते आतल्या आत कोरडं, कडक होत गेलं. त्या तिसऱ्या पहाटे मी ज्या दारासमोर उभा होतो, त्या दारामागे माझी स्वतःचीच चलाखी माझी वाट बघत होती.

आत काय झालं ते सांगत नाही. एवढंच की बाहेर आलो तेव्हा घामाने बनियन ओलं होतं आणि भिंत धरून उभा होतो. बायकोने काही विचारलं नाही. प्लास्टिकच्या टपात कोमट पाणी भरून ठेवलं होतं, तिकडे बोट दाखवलं.

तो टप हे त्या एकवीस दिवसांतलं माझं सगळ्यात मोठं सुख. डॉक्टर त्याला सिट्झ बाथ म्हणतात. जर्मनमध्ये 'सिट्झ' म्हणजे बसायची जागा. कोमट पाणी, कोपर बुडवून सोसेल इतकंच, त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि संडासहून आल्यावर हटकून. मेहुणा म्हणाला डेटॉल टाक, शेजारची खाला म्हणाली तुरटी टाक. डॉक्टर म्हणाले, "काही टाकू नका. जखमेला साधं पाणी लागतं, भाजणारं औषध नाही." मग टॉवेलने न घासता, टिपून कोरडं करायचं.

पाण्याने बरं का वाटतं, हे डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं होतं. ती वाट जेमतेम चार सेंटिमीटरची. तिच्या मध्यावर एक रेष असते. रेषेच्या वरच्या भागाला कापल्याचं, टोचल्याचं कळत नाही. म्हणून तिथल्या मूळव्याधीतून वर्षानुवर्षं रक्त जातं आणि माणूस 'दुखत तर नाही' म्हणून गप्प बसतो. रेषेच्या खालचा भाग कातडीचा आहे, तिथे मज्जातंतूंची दाटी. ऑपरेशनच्या जखमा तिथपर्यंत येतात. आणि तिथे आतला एक स्नायू आहे जो आपल्या इच्छेने चालत नाही. जखम दुखली की तो आवळतो. आवळला की रक्त कमी पोचतं, जखम आणखी दुखते, तो आणखी आवळतो. कोमट पाण्याने तो सैल पडतो. मला जे डिल्टियाझेमचं मलम दिलं होतं, तेही त्यासाठीच. वाटाण्याएवढं, बाहेरच्या कडेला लावायचं, बोट आत घालायचं नाही. खरं तर हे हृदयाच्या आजाराचं औषध. आमच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून विचारलं, "सर, हार्टचं पण आहे का?" मी हो म्हणालो. हर्निया आणि हार्ट. खोटं एकदा सुरू झालं की वाढतच जातं.

त्याच मेडिकलमध्ये आणखी एक गोष्ट घ्यायची होती. जखम उघडी ठेवलेली असते, ती आतून भरत येते, तोवर दोन-तीन आठवडे पाणी आणि थोडं रक्त झिरपतं. नर्सने सांगितलं होतं, कापूस चिकटतो, सरळ सॅनिटरी पॅड वापरा. पाचव्या दिवशी संपले म्हणून लेकाच्या हाती निरोप न देता मी स्वतः हळूहळू चालत गेलो. मेडिकलवाल्याने पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं, आणि इकडे-तिकडे बघून माझ्या हातात दिलं. ती काळी पिशवी घेऊन घरी येताना वाटलं, माझी बायको एकोणीस वर्षं दर महिन्याला ही पिशवी अशीच पदराखाली धरून आणते. आजपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोन दिवस कपड्याला डाग लागेल म्हणून मी मागे वळून वळून बघत होतो. ती हसली. म्हणाली, "अब समझा?" मी काही बोललो नाही.

त्या दिवसांत खायचं खातं तिने ताब्यात घेतलं. ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, गव्हाचा दलिया, पालक, दुधी, पपई, भिजवलेले अंजीर. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. रात्री लॅक्टुलोजचं सिरप आणि इसबगोल. इसबगोल घेताना ग्लासभर पाणी पाहिजेच, नाहीतर तेच आत गोळा होऊन बसतं. आमच्या भागात अद्रकाचं पीक मोठं, चहाही अद्रकाचाच लागतो. तो तिने फिका केला. मिरचीचा ठेचा ताटातून गेला. तोंडाला तिखट लागलेलं दुसऱ्या दिवशी दुसरीकडे लागतं, हे मला एकदाच चोरून खाल्ल्यावर पटलं.

दिवाळी होती. शेजारून, शाळेतल्या सरांकडून फराळाची ताटं येत होती. चकली, शेव, कडक बुंदीचे लाडू. पोरं माझ्यासमोर कुडूम-कुडूम खात होती आणि मी कुशीवर पडून दलिया. सहाव्या दिवशी शाळेतले एक सर स्वतः फराळ घेऊन आले. त्यांना बसायला खुर्ची दिली, मी उभाच. चहा आला, तोही मी उभ्यानेच घेतला. सरांनी दोन मिनिटं बघितलं आणि हळूच म्हणाले, "सर, हर्नियाचा माणूस उभं राहून चहा पीत नाही हो." मी गप्प. "माझं 2016 साली झालं. मी अपेंडिक्स सांगितलं होतं." आम्ही दोघं इतकं हसलो की मला हात जोडून त्यांना थांबवावं लागलं. हसल्यावर दुखायचं.

ते दोन गोष्टी सांगून गेले. एक, संडासात मोबाइल न्यायचा नाही. पाच मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठायचं, जोर करायचा नाही. दुसरी, सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा जरा रक्त दिसेल, घाबरू नका. आठव्या दिवशी दिसलंच. डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, "थेंब पडले, पॅडला डाग लागला, तर ठीक आहे. धार लागली, गाठी पडल्या, चक्कर आली तर थांबायचं नाही, 108 ला फोन करून निघायचं. ताप, थंडी, लघवी अडकणं, किंवा कमी होत आलेलं दुखणं एकदम वाढणं, हेही घरी सोसायचं नाही." माझं थेंबांवरच थांबलं.

नमाजचा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून सतावत होता. सजदा करायला वाकलो की खालून कुणी चिमटा घेतल्यासारखं व्हायचं. बसणं तर अशक्य. आणि झिरपणं चालू असताना वजू राहतो का? पहिले चार दिवस मी नमाज पढलोच नाही, आणि ते मनाला दुखण्यापेक्षा जास्त लागत होतं. शेवटी आमच्या मशिदीच्या मौलाना साहेबांना बोलावलं. दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा खरा शब्द उच्चारला.

ते हसले नाहीत. म्हणाले, "हे तुमच्या आधी एका सहाबींनी विचारलंय." इमरान बिन हुसैन हे पैगंबरांचे साथी, पुढे बसऱ्यात राहिले. त्यांना बवासीरचा त्रास होता. त्यांनी थेट पैगंबरांना विचारलं, अशात नमाज कशी पढू? उत्तराचा आशय असा की उभं राहून पढ, ते जमलं नाही तर बसून, तेही जमलं नाही तर कुशीवर पडून. हे सहीह बुखारीत नोंदलेलं आहे. आजारपणात झोपून नमाज पढण्याची सवलत आपण सगळे जाणतो, दवाखान्यात जाऊन आजाऱ्याला सांगतोही. पण ती सांगताना विचारणाऱ्याचं दुखणं कोणतं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. मीही चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. वजूबद्दल मौलाना साहेब म्हणाले, झिरपणं नमाजच्या पूर्ण वेळेत थांबतच नसेल तर माणूस माजूर समजला जातो. प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वजू करायचा, पॅड बदलायचं, आणि मन साफ ठेवून पढायची. "दीनमध्ये तंगी नाही, सर. तंगी आपण करतो."

त्या दुपारी जोहरची नमाज मी उभा राहून, रुकू-सजद्याचा फक्त इशारा करत पढली. रात्रीची कुशीवर पडून. झोपेतून उठल्यासारखं हलकं वाटलं.

नंतर मी त्या शब्दाच्या मागे लागलो. पडून वाचण्याशिवाय काम नव्हतंच. सुश्रुताने अर्श या नावाने याचे प्रकार लिहून ठेवलेत आणि उपाय चार सांगितलेत : औषध, क्षार, डाग देणं आणि शस्त्र. कुर्तुब्याचे अबुल कासिम अल-जहरावी, ज्यांना युरोप अल्बुकासिस म्हणतो, ते 1013 साली वारले. त्यांच्या 'अल-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, हत्यारांच्या चित्रांसकट. त्यातही मूळव्याधीवरचे उपाय आहेत. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढची कित्येक शतकं युरोपातले सर्जन ते वाचत होते. काशी असो की कुर्तुबा, ज्यांना बरं करायचं होतं त्यांनी लाजून हा विषय सोडला नाही.

हे सगळं मी दहाव्या रात्री अम्मीला वाचून दाखवत होतो. दुखणं निम्म्यावर आलं होतं, गोळी दिवसातून दोनच. बायको-मुलं झोपली होती. अम्मी माझ्या पायथ्याशी बसून तस्बीह ओढत होती. इमरान बिन हुसैनचं ऐकून तिचा हात थांबला. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "मेरे कू बी है रे."

मला आधी कळलंच नाही.

"तेरी छोटी बहन हुई तब से."

माझी धाकटी बहीण छत्तीस वर्षांची आहे.

छत्तीस वर्षं. अब्बांना सांगितलं नव्हतं, ते गेले. नणंदांना, बहिणींना, सुनेला, कुणालाच नाही. रक्त दिसलं की दोन दिवस जेवण कमी करायचं, मेथीदाणे गिळायचे. धुणं धुताना स्वतःचे कपडे वेगळे, पहाटे सगळे उठायच्या आधी. गेली तीन वर्षं ती जिना चढताना धापा टाकते, तळहात पांढरेफटक दिसतात. आम्ही म्हणायचो, वय झालं. माझ्या लेकीचं लग्न ठरवायच्या गोष्टी करणारी, अख्ख्या गल्लीची बाळंतपणं निभावणारी बाई, स्वतःच्या अंगातून जाणारं रक्त छत्तीस वर्षं लपवत होती. आणि मी तिचाच लेक. सहा वर्षं मीही तेच केलं होतं.

मी तिला रागावलो. आता वाटतं, रागवायला नको होतं. ती म्हणाली, "डॉक्टर मरद रहता. कैसा दिखाऊं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर बायकोने शोधलं. शहरात एक बाई सर्जन आहेत, त्यांची वेळ घेतली. मी पुरता बरा नव्हतो, तरी गेलो. रिक्षात उभ्याने जाता येत नाही म्हणून गुडघ्यांवर ओणवा बसून गेलो, अम्मी शेजारी बुरख्यात हसत होती. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 6.9. डॉक्टर बाईंनी तिला नाही, मला झापलं. म्हणाल्या, "या वयात रक्त जातंय तर ती मूळव्याधच आहे हे कुणी ठरवलं? आतड्याच्या कॅन्सरचंही रक्त असंच दिसतं. दुर्बिणीने बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही." त्या चार दिवसांत मी माझं दुखणं पार विसरलो. दुर्बिणीच्या तपासणीत आतडं साफ निघालं. मूळव्याधच होती, दुसऱ्या पायरीची. ऑपरेशनचीही गरज पडली नाही. रबर बँड लावले, रेषेच्या वर, जिथे दुखत नाही. संध्याकाळी अम्मी स्वतः चालत घरात आली. लोहाची इंजेक्शनं घेतली, आणि दोन महिन्यांत तळहातांना रंग आला.

दहा-पंधरा मिनिटांचं काम. छत्तीस वर्षं.

एकविसाव्या दिवशी मी उशी ठेवून खुर्चीवर बसलो, पूर्ण बसलो. शाळा सुरू झाली होती. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "हर्निया कसा आहे, सर?" मी म्हणालो, "हर्निया नव्हता. मूळव्याध होती." क्षणभर शांतता. मग ते अपेक्षित हसू आलं. आणि मग, मधल्या सुट्टीत, एक एक करून तिघं जण माझ्याकडे आले, वेगवेगळे, इकडे-तिकडे बघत. एकाने बायकोबद्दल विचारलं, एकाने वडिलांबद्दल. तिसऱ्याने मित्राबद्दल विचारलं. मित्राला दुखतं म्हणे, पण तो स्वतः एका कुशीवर बसला होता.

जखम पूर्ण भरायला सहा आठवडे लागले. नंतर रमजान आला तेव्हा मी रोजे धरू शकलो. इफ्तार ते सेहरी थोडं थोडं करून भरपूर पाणी प्यायचं, भजी कमी, फळं जास्त, इसबगोल तरावीहनंतर. अम्मीने डॉक्टर बाईंना विचारून मगच रोजे धरले. नाही म्हणाल्या असत्या तर मी तिला नंतर कजा करायला लावलं असतं. आजाऱ्याला ती सवलत आहेच.

आता मेडिकलमध्ये गेलो की काळी पिशवी घेत नाही. मेडिकलवाला अजून वर्तमानपत्र पुढे करतो, मी नको म्हणतो, पाकीट हातात धरून घरी येतो. बायको म्हणते, इतकाही दिखावा नको.

गेल्या आठवड्यात अम्मीला पुन्हा तपासणीला नेलं. आधीच्या दोन्ही वेळी डॉक्टर बाई विचारायच्या आणि बायको उत्तर द्यायची, अम्मी जमिनीकडे बघायची. या वेळी दार जरा उघडं होतं. बाईंनी विचारलं, "काय त्रास?" आणि आतून अम्मीचाच आवाज आला. तिच्या मोडक्या मराठीत, कधीपासून, किती, कसं, सगळं. शेजारच्या बाकावरची एक बाई कान देऊन ऐकत होती.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. लाकडी बाक, उशी न घेता.